आभाळ फाटलेला पडदा

मित्रांनो, मी भिंतीवर टांगायचा एक जुना विणलेला पडदा आहे, पण सध्या मला भिंत नाही. संग्रहालयाच्या तळघरात एका लांब नळकांड्यावर मला गुंडाळून आडवे ठेवले आहे. वर पांढरे कापड आहे आणि कापडाला नाडीने बांधलेली चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर माझा क्रमांक आहे, 'लोकर आणि रेशीम' असे लिहिले आहे, आणि त्याखाली लाल शाईत, 'उलगडू नये.' माझी गोष्ट चारशे वर्षांची आहे, पण आज ती मला भरभर सांगायची आहे. माझ्याजवळ वेळ फार थोडा उरला आहे.

माझा जन्म युरोपातल्या एका विणकराच्या मागावर झाला. तुम्हाला वाटेल, चित्र विणायचे म्हणजे ते समोर बघत बघत विणायचे. तसे नसते. माझ्यासारखा पडदा मागच्या बाजूने विणतात. विणकराला दिसतात त्या फक्त गाठी आणि सुटलेली टोके. शिवाय चित्र आडवे विणतात, म्हणजे झाडे उभी नसतात, निजलेली असतात. विणकर आणि त्याचे दोन भाऊ एका बाकावर शेजारी शेजारी बसत. दिवसभरात प्रत्येकाचे हाताच्या पंजाएवढे काम झाले, की तो दिवस सोन्याचा. असे करत मी चार वर्षांनी पुरा झालो.

दोरे रंगवायचे काम विणकराच्या बायकोकडे होते. लाल रंग ती मुळांपासून करी, निळा पानांपासून आणि पिवळा एका रानटी रोपापासून. हिरवा असा वेगळा रंगच नव्हता. पिवळी लोकर निळ्या रंगात बुडवली, की ती हिरवी होऊन वर येई.

विणकर तिला विचारी, "तुझा हा पिवळा टिकायचा का गं?"

ती म्हणे, "तो माहेरी आलेल्या लेकीसारखा आहे. आहे तोवर घर भरलेलं. किती दिवस, ते तिलाच ठाऊक."

माझ्यावर त्यांनी दाट झाडी विणली, मधून नदी सोडली, काठावर पाणी भरणारी एक बाई उभी केली आणि तिच्यापाशी दोन कुत्री. वरचे सगळे आभाळ रेशमाचे केले, कारण रेशमावर उजेड पडला की ते हसते. मागावरून मला कापले त्या दिवशी अंगणात पसरून त्यांनी पहिल्यांदा माझे तोंड पाहिले. मग धाकटा भाऊ हळूच म्हणाला, "दादा, कुत्र्याची शेपटी भलतीकडे वळलीय."

"वळू दे," विणकर डोळे पुसत म्हणाला. "कुत्रं आहे, हलवेल की."

दुपारी गाडी आली आणि मला घेऊन गेली. चार वर्षे राबलेल्या त्या माणसांनी मला पुरते असे घटकाभरच पाहिले.

पुढे मी एका मोठ्या घराच्या जेवणाच्या दालनात लागलो. दगडी भिंतींतून गारठा येई, तो मी अडवत असे. पाहुणे माझ्यापुढे उभे राहून माना डोलावत. घरातली मुले लपंडाव खेळताना माझ्यामागे दडत आणि त्यांच्या श्वासाने माझी पाठ ऊबदार होई. मी तिथे सुखी होतो. मग त्या घराच्या नातवाला भिंतीत नवे दार हवे झाले. सुताराने दाराचे माप घेतले आणि मला काढून ठेवण्याची तसदी न घेता तेवढा तुकडा कापून टाकला. त्यात बाईची घागर आणि एक कुत्रा गेला. राहिला तो भलत्या शेपटीचा. नातवाच्या मुलांना मी जुनाट वाटू लागलो. त्यांनी मला उतरवून कोठारात नेले आणि बटाट्यांना थंडी लागू नये म्हणून त्यांच्यावर पांघरले. तीस हिवाळे मी बटाटे सांभाळले. मित्रांनो, बटाट्यांनी मला कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो पुढे माझ्यावर जीव ओवाळणाऱ्यांनी.

घर विकले गेले तेव्हा मी संग्रहालयात आलो आणि तिथे मला टाकेबाई भेटल्या.

हे त्यांचे खरे नाव नव्हे. फाटलेली जुनी कापडे टाके घालून सावरणे हे त्यांचे काम, म्हणून सगळे त्यांना टाकेबाई म्हणत. त्यांची खोली उत्तरेला होती. तिथे लांबलचक टेबल होते, वाकड्या सुया होत्या आणि दोऱ्यांच्या रिळांनी भरलेले खण होते. माझी एक वीत सावरायला त्यांना आठवडा लागे. त्या मला नवे करत नव्हत्या. पाठीला कापडाचा आधार देऊन, जुना दोरा जिथे थकला असेल तिथे त्याच्या शेजारी नवा दोरा उभा करत. काम करताना बोलत असत. "थांब रे राजा, दुखतंय का? झालंच." अकरा वर्षे त्यांनी माझ्यावर काम केले. काळ्याभोर केसांनी बसल्या होत्या, उठल्या तेव्हा केस अर्धे पांढरे झाले होते.

त्यांचा थोरला भाऊ त्याच संग्रहालयात दिव्यांचे काम पाही. सगळे त्याला दादाच म्हणत, अगदी त्याच्याहून मोठी माणसेसुद्धा. आईवडील लवकर गेल्यावर याच भावाने टाकेबाईंना वाढवले होते. दुपारी तो डबा घेऊन त्यांच्या खोलीत येई. माझ्यापासून दूर, दाराशी दोन स्टुलांवर बसून भाऊबहीण जेवत. तो हात धुऊन आला तरी त्या म्हणत, "लांबूनच बघ." तो म्हणे, "तुझ्या या पोराला माझी नजरसुद्धा लागते का गं?"

मग मोठ्या प्रदर्शनाचा दिवस आला. संग्रहालयाचे मुख्य अधिकारी, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, त्यांनी युरोपातल्या जुन्या कलेचे प्रदर्शन मांडायचे ठरवले. तैलचित्रे आली, सोनेरी पायांच्या खुर्च्या आल्या, चिनीमातीच्या बशा आणि चांदीच्या सुरया आल्या. मधल्या मोठ्या भिंतीवर मी. टाकेबाईंनी दोन अटी घातल्या होत्या. उजेड मेणबत्तीइतका मंद हवा, आणि तीन महिन्यांनी मला उतरवायचे. मोठे साहेब म्हणाले, "अर्थात, अर्थात."

पहिल्या आठवड्यापासून लोकांची रीघ लागली. खोटे कशाला बोलू, मला ते आवडले. बटाट्यांनंतर एवढे डोळे माझ्यावर कधी खिळले नव्हते. पण लोकांना मंद उजेड आवडेना. "काही दिसत नाही," असे अभिप्रायाच्या वहीत पानापानावर येऊ लागले. तीन महिने संपले. मोठ्या साहेबांनी प्रदर्शनाची मुदत वाढवली आणि दिवेही वाढवायला सांगितले.

दादा शिडी घेऊन आला. टाकेबाई शिडीखाली येऊन उभ्या राहिल्या.

"दादा, अर्धेच लाव ना."

"वरून हुकूम आहे गं."

"हुकूम देणारे हा परत विणून देणार आहेत का?"

"मी दिवेवाला आहे. लाव म्हणतात, लावतो."

"मग मी म्हणते, नको लावूस."

वरून फक्त पेचकस फिरल्याचा आवाज येत राहिला. मग माझ्यावर दिवे पेटले.

मित्रांनो, उजेड दुखतो हे तुम्हाला कसे सांगू? चांदीच्या सुरईला त्याचे काही नसते. घासली की ती पुन्हा काल घडवल्यासारखी. चिनीमातीची बशी तर उजेडात न्हाते. पण माझा रंग उजेड पितो आणि तो पुन्हा देत नाही. माझा पिवळा आधीच विटत आला होता. आता तो झरझर जाऊ लागला. पिवळा गेला की हिरव्यात मागे राहतो तो निळा. माझे सगळे रान निळे पडले. प्रेक्षक विचारत, "झाडं निळी का?" माहिती सांगणारे गृहस्थ ऐटीत सांगत, "ही कलावंताची कल्पनाशक्ती!" विणकराच्या बायकोने हे ऐकले असते तर त्यांना रंगाच्या कढईतच बुडवले असते.

त्याहून वाईट हाल रेशमाचे होते. उजेडाने रेशीम सुकते, मग ठिसूळ होते. आणि मी आडवा विणलेला असल्यामुळे माझे सगळे वजन त्याच बारीक दोऱ्यांवर तोललेले. रोज एकेक दोरा तुटत होता. मला ते कळत होते. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो आणि लोक माझ्यापुढे उभे राहून म्हणत होते, "किती शांत चित्र आहे नाही!"

टाकेबाई रोज सकाळी येऊन माझ्याखालची फरशी पाहत. तिथे रेशमाची धूळ सापडे. त्यांनी एक पत्र लिहिले: 'पडदा आजच्या आज उतरवा. आभाळाचा भाग धोक्यात आहे.' त्या दिवशी दादाला वर साहेबांच्या खोलीत दिवा बदलायला जायचे होते, म्हणून पत्र त्यांनी त्याच्या हाती दिले. तो परत आला तेव्हा त्यांनी विचारले, "दिलंस?"

"दिलं. माझ्यासमोर वाचलं त्यांनी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, लोक म्हणतात दिसत नाही आणि ही म्हणते उतरवा. बाजूला ठेवलं."

प्रदर्शनाचा दहावा महिना. दुपारची वेळ. शाळेची मुले माझ्यापुढे रांगेत उभी होती. वाळलेले पान चुरावे तसा बारीक आवाज झाला. मग मोठा. माझे रेशमी आभाळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवत गेले, आणि झाडी, नदी, कुत्रा असे सगळे ओझे खाली लोंबू लागले. एक लहान मुलगी किंचाळली, "बाई, आभाळ फाटलं!"

टाकेबाई धावत आल्या. दोन्ही हात वर करून त्यांनी मला पेलून धरले. मी त्यांच्या दुप्पट उंच आणि कितीतरी जड. तरी माणसे येईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या, तोंडावर, केसांवर रेशमाची धूळ पडत असताना. "सोडू नका, सोडू नका," एवढेच म्हणत होत्या. कोणाला, ते त्यांनाही ठाऊक नसावे.

चौकशीला तिघांची समिती आली. मला फरशीवर पसरले होते आणि ते माझ्या कडेला उभे राहिले, आजाऱ्याभोवती नातेवाईक उभे राहतात तसे. मोठे साहेब म्हणाले, दुरुस्तीच कच्ची होती, आणि इशारा देणारे कोणतेही पत्र त्यांना मिळालेले नाही.

समितीतल्या म्हाताऱ्या बाईंनी दादाकडे पाहिले. "पत्र तुमच्या हाती दिलं होतं असं या म्हणतात. तुम्ही ते साहेबांना नेऊन दिलंत?"

घरी दादाची बायको अंथरुणाला खिळलेली होती. नोकरीची पाच वर्षे उरली होती. मोठे साहेब समोर उभे होते. दादा आपल्या बुटांकडे पाहत राहिला.

"आठवत नाही," तो म्हणाला.

मला वाटले, टाकेबाई आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. खाली बसून माझ्या आभाळाचे पडलेले धागे एकेक करून पाकिटात भरत राहिल्या. पाकीट भरले, त्यांनी त्यावर तारीख घातली, माझ्याशेजारी ठेवले आणि निघून गेल्या. त्यांची नोकरी गेली. त्यांच्या खोलीत पुढे चित्रांची कार्डे विकायचे दुकान झाले.

मला ज्यांनी गुंडाळले त्यांना घाई होती. चित्राची बाजू बाहेर हवी, ती आत गेली. मध्ये कागद हवा, तो कोणी घातला नाही. आणि मला तळघरात ओलसर पाइपाशेजारी टाकून दार लावून घेतले.

तीन वर्षे कोणी आले नाही. पहिल्या वर्षी मी वाट पाहिली. दुसऱ्या वर्षी कसर लागली. कसर म्हणजे लोकर खाणारी बारीक अळी. एक छोटी, पतंगासारखी पाकोळी येते, घडीत अंडी घालते आणि जाते. तांदळाच्या दाण्याहून बारीक त्या अळ्या अंधारात चरत राहतात. नदीकाठच्या बाईचा चेहरा त्यांनी आठ दिवसांत खाल्ला. मला मोजायचे नव्हते, पण अंधारात दुसरे काय करणार? उजेडाने सुरुवात केली होती, आता अंधार उरलेले खात होता. त्या दिवसांत मला सुताराची आठवण येई. त्याने निदान एका झटक्यात कापले होते.

मग एक दिवस तळघरातल्या दिव्याची नळी बदलायला दादा आला. दिवा लागला आणि त्याचे लक्ष फरशीवर गेले. माझ्याखाली बारीक वाळूसारखे काहीतरी सांडले होते. त्याने ते बोटाने उचलले आणि उजेडात धरले. जेवताना बहिणीने शंभरदा सांगितले असेल: जमिनीवर वाळू सांडल्यासारखी दिसली की समजावं, कापड जिवंतपणी खाल्लं जातंय.

तो धावत वर गेला. मोठे साहेब परदेशी होते. कारकून म्हणाला, अर्ज द्या, महिन्याभरात बघू. दादाने बहिणीचे घर गाठले. तीन वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तासाभरात दोघे मागच्या दाराने तळघरात आले. टाकेबाईंचे केस पूर्ण पांढरे झाले होते. त्यांनी माझ्या टोकाची गुंडाळी थोडी उलगडली आणि लगेच मिटली.

"आज बरं आठवलं तुला," त्या भावाकडे न बघता म्हणाल्या.

दादा म्हणाला, "त्या दिवशीही आठवत होतं."

पाइपातून पाणी टपकत होते. टाकेबाईंनी बाह्या वर सारल्या. मग म्हणाल्या, "ते टोक धर. खालून धर, असं नाही."

कसर मारायला औषध फवारले तर माझा उरलासुरला रंगही गेला असता. उपाय एकच होता, कडाक्याची थंडी. त्यांनी मला प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळले. दारावरच्या वहीत दादाने स्वतःच्या नावाने स्पष्ट लिहिले, 'पडदा मी बाहेर नेत आहे,' आणि सही केली. मग ओळखीच्या टेम्पोतून आम्ही मासळी साठवायच्या शीतगृहात गेलो. तिथल्या मालकाने मला पाहून विचारले, "बाई, हा कुठला मासा म्हणायचा?"

"जुना आहे," टाकेबाई म्हणाल्या.

"किती जुना?"

"चारशे वर्षं."

"मग गिऱ्हाईक मिळणं कठीण," तो म्हणाला आणि त्याने बर्फाळ खोलीचे दार उघडले.

दोन आठवडे मी गोठलेल्या माशांमध्ये पडून होतो. माझ्या आतल्या अळ्या एकेक करून थांबल्या. त्या दोन आठवड्यांत मला पहिल्यांदा झोप लागली. दुसरीकडे दादाने समितीला लिहून दिले, की पत्र त्यानेच दिले होते, साहेबांनी ते त्याच्यासमोर वाचले होते, आणि तो खोटे बोलला होता.

मित्रांनो, गोष्टीत यानंतर सगळे सुरळीत होते. माझ्या बाबतीत तसे झाले नाही. समितीने कागदावर 'नोंद घेतली' असे लिहिले. मोठे साहेब बढती घेऊन दुसरीकडे गेले. टाकेबाईंना नोकरी परत मिळाली नाही. उलट परवानगीशिवाय वस्तू बाहेर नेली म्हणून त्यांना तळघरात यायची बंदी झाली. दादाला दिव्यांवरून काढून तळघराच्या पहाऱ्यावर बसवले. त्याला वाटले, शिक्षा बरी मिळाली.

मला परत आणल्या दिवशी दादाने टाकेबाईंना मागच्या दाराशी विचारले होते, "पुन्हा उभा राहील का गं हा?"

"नाही. टांगला की स्वतःच्याच वजनानं मरेल. आडवाच ठेवायचा आता. कायमचा."

त्यांनी भावाला सगळे शिकवले: चित्राची बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचे कसे, मध्ये कागद घालायचा कसा, जमिनीवर किडे अडकायला चिकट कागद ठेवून दर आठवड्याला तो तपासायचा कसा. गेली दोन वर्षे दादा चष्मा लावून, गुडघे टेकून तो कागद पाहतो. त्यावर कधी कोळी असे, कधी मुंगी. दादा कागदावर तारीख घालतो आणि नवा ठेवतो.

आज सकाळी त्यावर कसरीची पाकोळी होती.

दादाने तिथूनच फोन लावला. "एकच आहे गं," तो म्हणाला.

पलीकडून टाकेबाईंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "एकटी कधीच नसते ती. मी निघाले."

"तुला आत नाही सोडणार कोणी. आणि शनिवारी मी निवृत्त होतोय. नंतर इथे कोण..."

"दादा, मी निघाले म्हणतेय ना!"

त्याला आता दोन तास झाले. दादा दोनदा दारापर्यंत जाऊन आला आहे. वर नवा पहारेकरी आहे, तो नियमाने चालणारा माणूस आहे. आणि माझ्या आतल्या घडीत, जिथे तो एकटा कुत्रा आहे, तिथे मला काहीतरी हलल्यासारखे वाटते. कदाचित भीतीच असेल. कदाचित नसेल.

मित्रांनो, मला पुन्हा भिंतीवर लावा असे मी म्हणत नाही. ते दिवस गेले. पण कधी एखाद्या प्रदर्शनात गेलात आणि तिथे उजेड मंद असला, तर 'दिसत नाही' म्हणून वहीत लिहू नका. जरा थांबा, डोळ्यांना सवय होऊ द्या. ज्याने एखाद्या वस्तूवर आयुष्य घातले आहे तो माणूस 'आता पुरे' म्हणाला, तर त्याचे ऐका, मग त्याच्यापुढे कितीही मोठा साहेब उभा असो. आणि आज, आत्ता, तुमच्यापैकी कोणी संग्रहालयाच्या मागच्या दाराशी असेल, आणि पांढऱ्या केसांची एक बाई, हातात सुयांची पेटी घेऊन, धापा टाकत तिथे आली आणि पहारेकरी तिला अडवू लागला, तर कृपा करून एवढे म्हणा, "जाऊ द्या हो त्यांना आत."